जेनेट रँकिन: ३८८ विरुद्ध १ च्या आधीची बाई

शाहूपुरीची_सई

जेनेट रँकिनचं नाव आपल्याकडे कुणी घेतलंच तर एकाच गोष्टीसाठी घेतात. ८ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर बाँब पडून एक दिवस झालेला. जपानशी युद्ध पुकारायचं का यावर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मतं पडली ३८८ विरुद्ध १. तो एक म्हणजे ही बाई. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाठ असतं, पुढं काही नाही. मला मात्र त्याच्या आधीची रँकिन जास्त आवडते, बायकांच्या मताच्या हक्कासाठी गावोगाव हिंडलेली. म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगते.

जन्म ११ जून १८८०, मोंटाना प्रांतात मिझूला गावाजवळ. मोंटाना म्हणजे गुरं, लाकूड आणि तांब्याच्या खाणी. तेव्हा ते राज्यसुद्धा झालेलं नव्हतं. बाप सुतारकाम करत करत वर आलेला, आई लग्नाआधी शिक्षिका. भावंडांत ही थोरली, म्हणजे घरातली निम्मी कामं हिच्याच गळ्यात. तिच्या चरित्रात एक किस्सा सांगतात. बापाची एक इमारत भाड्यानं जात नव्हती, का तर पुढं फूटपाथ नाही. पोरीनं फळ्या आणल्या आणि स्वतः ठोकून फूटपाथ केला. पुढचं तिचं सगळं राजकारण मला याच वळणाचं वाटतं.

१९०२ ला जीवशास्त्रात पदवी. मग थोडी मास्तरकी, थोडं शिवणकाम, मन कशातच रमेना. बोस्टनमधल्या गलिच्छ वस्त्या बघितल्यावर समाजकार्याकडे वळली, न्यूयॉर्कला जाऊन त्याचं रीतसर शिक्षण घेतलं. अनाथाश्रमात काम करून बघितलं. तिथं तिला कळलं की पोरांचे हाल ज्या कायद्यांमुळं होतात ते कायदे करणाऱ्यांना निवडून द्यायचा अधिकारच बायकांना नाही. १९१० ला शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात बायकांच्या मताधिकाराची मोहीम चालली होती, त्यात ती उतरली. राज्य जिंकलं. १९११ ला आपल्या मोंटानाच्या विधिमंडळापुढं जाऊन तिनं बायकांच्या मताची बाजू मांडली. पुढची तीन वर्षं राज्य पालथं घातलं. खाणीच्या दारात, शाळेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, चार माणसं दिसली की भाषण.

एक लक्षात घ्या. हा हक्क द्यायचा की नाही हे ठरवणारे सगळे मतदार पुरुष. म्हणजे 'तुमच्याकडे आहे त्यातलं आम्हाला पण द्या' हे ज्याच्याकडे आहे त्यालाच पटवायचं. नोव्हेंबर १९१४ मध्ये मोंटानाच्या पुरुषांनी ते मान्य केलं.

मग १९१६ ला तिनं रिपब्लिकन पक्षाकडून थेट काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, निवडणूक लढवली. मोंटानाला तेव्हा दोन जागा होत्या आणि मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य. तिचा दुसरा क्रमांक आला म्हणजे ती निवडून आली. अमेरिकेच्या काँग्रेसमधली पहिली बाई. देशातल्या बहुतेक राज्यांत बायकांना तेव्हा मतदानच नव्हतं.

२ एप्रिल १९१७ ला शपथ. सकाळी मताधिकारवाल्या बायकांनी जेवणाचा थाट केला, हारतुरे झाले, सभागृहात टाळ्या. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विल्सन आले आणि जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारा म्हणाले. खुर्ची गरम व्हायच्या आत ही परीक्षा! ६ तारखेला पहाटे तीनच्या सुमारास मतदान. नाव पुकारलं, ही गप्प. जोसेफ कॅनन म्हणून जुने जाणते सदस्य होते, ते जवळ येऊन म्हणाले, मत दिल्याशिवाय तुला चालणार नाही, देशातल्या बायकांची प्रतिनिधी आहेस तू. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली की मला देशाच्या बाजूनं उभं राहायचंय, पण युद्धासाठी मी मत देऊ शकत नाही. मतदान चालू असताना भाष्य करायचा प्रघात नव्हता, तोही मोडला.

विरोधात मतं पडली ५०. त्यातले ४९ पुरुष. पेपरात बदनामी एकटीची. बाई आहे, रडली म्हणे.

बाकीचं खाली लिहिते, पाहुणे आलेत.

तांबडा_पांढरा

ताई, ४९ जणांचं कोण नाव घेत नाही आणि एकटीचं रडणं पेपरात! लई भारी. पण एक विचारतो, निवडणुकीला पैसा कुणी लावला? अख्ख्या राज्याचा मतदारसंघ म्हणजे खायची गोष्ट नव्हे.

शाहूपुरीची_सई

भावानं. वेलिंग्टन रँकिन, हार्वर्डला शिकलेला वकील, राजकारणात वजन असलेला. पैसा त्याचा, प्रचाराची आखणी त्याची.

तांबडा_पांढरा

मग हितंबी घराणंच की! आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला मग? आपल्यात नवऱ्याच्या वॉर्डात आरक्षण पडलं की रात्रीत बायकोचा फ्लेक्स लागतो, तिथं भावानं बहिणीचा लावला. 😄

शाहूपुरीची_सई

फरक आहे आणि तो नेमका ६ एप्रिलच्या पहाटे दिसतो. भावाचं म्हणणं होतं की पुरुषासारखं मत दे, म्हणजे युद्धाच्या बाजूनं. नाहीतर पुन्हा निवडून येत नाहीस. पैसा त्याचा, सल्ला त्याचा, आणि मत दिलं हिनं स्वतःचं. १९४१ ला पण तेच. त्यानं कळवलं की मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. म्हणून तिचं मत बदललं नाही आणि भाऊ-बहिणीचं नातंही तुटलं नाही.

कुणाच्या जिवावर निवडून आली हा प्रश्न मला फारसा मोठा वाटत नाही. एकट्याच्या जिवावर पुरुष तरी कुठं निवडून येतो? हात वर करायची वेळ आल्यावर हात कुणाचा, एवढंच मी बघते.

कागलकर_काकी

सई, हे वाचून लिहावंसं वाटलं. मी आमच्या गावात ग्रामपंचायतीला सदस्य होते, महिला राखीव जागेवर. गावाचं नाव नको. मीटिंगची नोटीस यायची ती ह्यांच्या मोबाईलवर. मीटिंगला हेच बसायचे. नंतर शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी यायचा, मी पोळ्या लाटत असायचे, पिठाचा हात पुसून सही करायची. बरंच दिवस असंच चाललं.

एकदा सही करायच्या आधी म्हटलं बघू तरी काय लिहिलंय. गटारीच्या कामाचा ठराव, सूचक म्हणून माझं नाव! आणि त्या तारखेला मी माहेरी होते, वहिनीच्या ओटीभरणाला. बुक मिटून परत दिलं. म्हटलं, मी हजर नव्हते, माझी सही होणार नाही. ग्रामसेवक आले, चहा पिऊन गेले. हे चार दिवस धड बोलले नाहीत. पुढच्या मीटिंगला मात्र मी गेले. खुर्ची ह्यांचीच होती म्हणा, म्हणून शेजारी दुसरी मागून घेतली.

तांबडा_पांढरा

काकी, नाद खुळा!! 🙏

बिंदू_चौक

काकींचा अनुभव मोलाचा आहे. मूळ विषयात दोन गोष्टी घालतो, नाहीतर रँकिनची आरती होईल.

एक, १९२० च्या घटनादुरुस्तीनं 'अमेरिकेतल्या बायकांना' मत मिळालं असं म्हणतात ते अर्धंच खरं. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या बायकांना, आणि पुरुषांनाही, कर आणि वाचनाच्या परीक्षा लावून बाहेर ठेवलं, ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत. मूळ रहिवाशांना नागरिकत्वच १९२४ ला मिळालं, आणि त्यानंतरही काही राज्यांनी मत अडवून धरलं.

दोन, आपल्याकडचा काळ बघा. १८ डिसेंबर १९१७ ला मद्रासमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. १९१९ ला हिराबाई टाटा आणि मुलगी मिठन लंडनला जाऊन ब्रिटिश संसदेच्या समितीपुढं बोलल्या. ब्रिटिशांनी निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रासनं आणि मागोमाग मुंबई इलाख्यानं १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट होतीच. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईनं काय करायचं? आणि कोल्हापूर तर संस्थान, इलाख्याच्या कौन्सिलशी त्याचा संबंध नाही. त्याच १९१७ साली शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मत नव्हतं, पण पाया तिथं घातला जात होता.

करवीर_वाचक

बिंदू, त्यात पुढची कडी जोडतो. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार यादी करायला माणूस दारात गेला की बाई स्वतःचं नाव सांगेना. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असल्या नोंदी चालणार नाहीत, नाव पाहिजे. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतली. घटनेनं हक्क दिला आणि उंबऱ्यावर अडकला. पण सेन नमले नाहीत हे बरंच झालं. पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींनी नावं लावली.

तांबडा_पांढरा

आमची आज्जी अजून आजोबांचं नाव घेत नाही, स्वतःचं मात्र ठणकावून सांगत्या. मत कुणाला दिलं ते पण सांगत नाही. आमदार घरी येऊन बसला तरी नाही.

शाहूपुरीची_सई

पाहुणे गेले. राहिलेलं सांगते, कारण खरी मजा १९१८ ची आहे.

बायकांच्या मताची घटनादुरुस्ती सभागृहात आली १० जानेवारी १९१८ ला. चर्चेला सुरुवात केली रँकिननं. जगात लोकशाही टिकावी म्हणून युद्ध पुकारणारी ही काँग्रेस आपल्याच देशातल्या बायकांना एवढीशी लोकशाही नाकारते, हे लोकांना समजावून कसं सांगायचं, असा तिचा सवाल होता. युद्धाला विरोध केलेल्या बाईनं युद्धवाल्यांचेच शब्द त्यांच्यावर उलटवले.

दोनतृतीयांश मतं हवी होती. एकूण मतदान ४१०, म्हणजे किमान २७४. पडली किती? बरोबर २७४! एकही जास्त नाही. एका सदस्याला स्ट्रेचरवरून आणलं. एकजण खांदा मोडलेला, हाड बसवायला नको म्हणाला, भूल दिली तर मतदान चुकेल म्हणून. न्यूयॉर्कचे हिक्स बायकोच्या मृत्युशय्येवरून उठून आले. ती स्वतः मताधिकारवाली, तिनंच पाठवलं. मत देऊन ते तिच्या अंत्यविधीला परत गेले. हे तिघं आले नसते तर ठराव त्या दिवशी पडला असता.

आणि त्या २७४ मध्ये बाईचं मत एकच. रँकिन पुढं म्हणायची की बाकी कशासाठी नाही, तर बायकांना मताचा हक्क देण्यासाठी मत दिलेली एकमेव बाई म्हणून माझी आठवण राहावी. बरोबरच आहे. सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, त्या वर्षी दोन मतांनी पाडलं, १९१९ ला दोन्हीकडे पास झालं तेव्हा ही सभागृहात नव्हती आणि दुसरी कुठली बाईही नव्हती.

पन्हाळा_रोड

का नव्हती? एका टर्ममध्ये घालवली?

शाहूपुरीची_सई

युद्धाच्या मतामुळं घालवली असं सरसकट लिहितात. मला ते अर्धवट वाटतं. जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूट गावात तांब्याच्या खाणीत आग लागली, १६८ माणसं गेली. कामगारांनी संप केला. तिथली ॲनाकोंडा कंपनी म्हणजे राज्यातलं दुसरं सरकार, वर्तमानपत्रं तिच्याच मुठीत. रँकिन कामगारांच्या बाजूनं उभी राहिली, खाणी सरकारनं ताब्यात घ्याव्यात इथपर्यंत गेली. कंपनी हे विसरणार होती थोडीच! मग राज्याचे दोन मतदारसंघ केले गेले आणि तिच्या वाट्याला आला डेमोक्रॅटांचा भरणा असलेला भाग.

तांबडा_पांढरा

प्रभाग रचना!!! पत्ता कट करायची पद्धत जगात सगळीकडं एकच हाय बघा. 😂 आता आरक्षण सोडत पण काढली असंल चिठ्ठ्या टाकून.

शाहूपुरीची_सई

सोडत नव्हती, पण परिणाम तोच. म्हणून तिनं सरळ सिनेटला अर्ज भरला. पक्षाची उमेदवारी थोडक्यात हुकली, मग दुसऱ्या छोट्या पक्षाकडून लढली आणि तिसरी आली. प्रतिनिधिगृहात पुन्हा गेली ती बऱ्याच वर्षांनी, १९४१ च्या त्या मताच्या आधी.

त्या दोन वर्षांत आणखी एक काम केलं जे कुणी सांगत नाही. सरकारी नोटा छापायच्या कारखान्यात बायकांना बारा-बारा तास राबवून घेत होते. तिनं चौकशी लावून धरली आणि आठ तासांचा दिवस करून घेतला. बाळंतपण आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी तिनं विधेयक मांडलं होतं, त्याच धर्तीवरचा कायदा १९२१ ला झाला. ही कामं युद्धाच्या मतापेक्षा कमी नाहीत. पण नोटा छापणारीच्या घरी वेळेवर पोचण्याला पुतळा कोण उभारतो?

सुभेदार_शिरोळ

धागा चांगला आहे. मी निवृत्त फौजी, शिरोळ तालुक्यातला. आमच्या शेजारचं सैनिक टाकळी, पहिल्या महायुद्धापासून घरटी माणूस फौजेत. युद्ध नको असं म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही, युद्ध बघितलेला माणूस ते जास्त म्हणतो. १९१७ चं तिचं मत मी समजू शकतो. पण १९४१? स्वतःच्या बंदरावर बाँब पडलेत, दोन हजारांवर माणसं मेलीत, आणि ही नाही म्हणते? समोरून गोळी येत असताना ठरावावर चर्चा नसते. स्पष्ट लिहिलं, राग मानू नये.

बिंदू_चौक

सुभेदार साहेब, तिचा एक मुद्दा असा होता की युद्ध पुकारण्याआधी चर्चा व्हावी. ती बोलायला उठली तर सभागृहाचे अध्यक्ष रेबर्न यांनी तिला बोलूच दिलं नाही. लोकशाहीत एका माणसाला दोन मिनिटं देता येत नाहीत का?

सुभेदार_शिरोळ

द्यावीत. तेवढं मान्य. मत तरी चुकीचंच.

शाहूपुरीची_सई

सुभेदार काका, राग कशाला. मलाही १९१७ चं मत पटतं आणि १९४१ चं पटत नाही. हिटलर समोर असताना 'युद्ध कधीच नको' हे मला झेपत नाही. जपानवरच्या ठरावानंतर जर्मनी-इटलीवरचे ठराव आले तेव्हा तिनं विरोधही केला नाही आणि बाजूही घेतली नाही, नुसतं 'हजर' म्हणून नोंदवलं. यावरून तिलाही ते जड गेलं असणार असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं.

एक सांगते. मत दिल्यावर बाहेर पत्रकारांची आणि लोकांची एवढी झुंबड की ती टेलिफोनच्या खोक्यात शिरली आणि पोलिसांना बोलावून ऑफिसपर्यंत गेली. वय ६१. तिचं म्हणणं होतं, बाई असल्यामुळं मी युद्धावर जाऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवायलाही मी तयार नाही.

सुभेदार_शिरोळ

आता मुली फौजेत आहेत. तो मुद्दा आज टिकणार नाही.

शाहूपुरीची_सई

हो, टिकणार नाही.

कागलकर_काकी

ती भारतात आली होती असं कुठंतरी वाचलंय. खरं का? आणि लग्न केलं नव्हतं का तिनं?

शाहूपुरीची_सई

लग्न नाही केलं. भारतात सात वेळा आली, १९४६ ते १९७१ दरम्यान. गांधीजींच्या अहिंसेची ओढ. नेहरूंची भेट झाली, गांधीजींची मात्र कधीच झाली नाही. तिकडं जॉर्जियात तिचं घर अगदी साधं होतं. मेल्यावर त्या मालमत्तेतून आलेल्या पैशावर एक निधी उभा राहिला, वय झालेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांना पुन्हा शिकायला मदत म्हणून. तो आजही चालू आहे. काकी, चाळिशीत कॉलेजला जाणाऱ्या बाईची फी! मला हे तिच्या पुतळ्यापेक्षा आवडतं. पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये आहे, १९८५ पासून.

पन्हाळा_रोड

आता लाडकी बहीणवर पण होऊ द्या चर्चा. मत आणि पैसा हा विषयच आहे.

धागाप्रमुख

नको. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं आधीच डोकी फुटलीत. इथं रँकिनबद्दल किंवा बायकांच्या मताधिकाराबद्दलच लिहा.

करवीर_वाचक

विषयाला धरूनच विचारतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत १९९० च्या दशकात ३३ टक्के आणि २०११ पासून ५० टक्के महिला. लोकसभा-विधानसभेसाठी ३३ टक्क्यांचा कायदा २०२३ ला झाला. आपल्या जिल्ह्यातून निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला इचलकरंजीतून लोकसभेवर गेल्या. पण खुल्या जागेवरून बाई उभी करताना आजही पक्ष दहादा विचार करतात. रँकिनला आरक्षण नव्हतं, ती तर आपोआप खुलीच. मग आरक्षणाशिवाय होतं असं म्हणायचं का?

बिंदू_चौक

अजिबात नाही. तिच्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत काँग्रेसमध्ये गेलेल्या बऱ्याच बाया म्हणजे मेलेल्या सदस्यांच्या बायका, सहानुभूतीवर निवडून आलेल्या. मोंटानानं तर रँकिननंतर आजवर प्रतिनिधिगृहात दुसरी बाई पाठवलेली नाही. एकटी दुकटी वर गेली म्हणजे वाट झाली असं होत नाही.

कागलकर_काकी

आरक्षण नसतं तर मला गावात कुणी विचारलं पण नसतं. पोळ्याच लाटत बसले असते आणि सहीसुद्धा मागितली नसती. मिळालं म्हणून तर बुक हातात आलं.

सुभेदार_शिरोळ

शेवटचं विचारतो. १९४२ ला परत उभी राहिली का? आणि तिच्या जागेवर कोण आलं?

शाहूपुरीची_सई

उभी राहिली नाही, निकाल तिला माहीत होता. जागेवर आले माइक मॅन्सफील्ड, डेमोक्रॅट. तरुणपणी सैन्यात काढलेला माणूस, तुम्हाला आवडले असते. पुढं सिनेटमध्ये बहुमताच्या पक्षाचे नेते झाले. १५ जानेवारी १९६८ ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध सुमारे पाच हजार बायकांचा मोर्चा वॉशिंग्टनला गेला, मोर्चाला नावच तिचं, आणि पुढं ही स्वतः, वय ८७. निवेदन आत नेऊन दिलं त्यात एक घेणारे हेच मॅन्सफील्ड. तेही तोवर व्हिएतनामच्या विरोधातच बोलत होते.

सुभेदार_शिरोळ

८७ व्या वर्षी मोर्चा. बरं. मॅन्सफील्डवर काही मराठीत असेल तर इथं टाका, वाचतो.